टेलिंग पाँडभोवती पीझोमीटर बसवताय? या चुका टाळा

टेलिंग पाँड म्हणजे खनिज धुऊन उरलेला गाळ साठवायचं तळं. त्यातलं पाणी जमिनीत झिरपतंय का हे कळावं म्हणून भोवती पीझोमीटर बसवतात: ठरावीक थरातल्या पाण्याची पातळी मोजायची आणि नमुना घ्यायची नळी. पण पीझोमीटर म्हणजे बारीक बोअर, अशी समजूत घेऊन लोक कामाला लागतात. मग गावातलाच रिगवाला बोलावतात, शेतातल्या बोअर मारून हात बसलेला. तो सवयीप्रमाणे वरच्या भुसभुशीत थरात केसिंग टाकतो, खाली कठीण लागलं की तशीच उघडी सोडतो. शेताला पाणी लागलं म्हणजे झालं, ते कुठल्या थरातून आलं याची चौकशी कोण करतो? आपल्याला मात्र तेवढंच जाणून घ्यायचं असतं. गोव्यात डिचोली-सांगे पट्ट्यात वर जांभा, त्याखाली लिथोमार्जची चिकणमाती आणि मग खनिजाचा थर. चिकणमातीमुळे वरचं आणि खालचं पाणी बऱ्यापैकी वेगळं राहतं. ती भोसकून बोअर उघडी सोडलीत, तर पाँडचं झिरपलेलं पाणी खाली न्यायची वाट तुम्हीच करून दिली. दोन थर तपासायचे तर दोन बोअर मारा. "एकातच भागवू या" म्हणणाऱ्यांशी मी हुज्जत घालत नाही, नकाशावर दोन खुणा करून देतो.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक: बेंटोनाइटचं सील. बेंटोनाइट म्हणजे पाण्याने फुगणारी चिकणमाती, वरचं पाणी पाइपाच्या कडेने खाली उतरू नये म्हणून भरलेली.

रिगचा हिशोब फुटावर होतो. बोअर खाली गेली की रिगवाल्याला पुढचं गिऱ्हाईक दिसायला लागतं, आणि पाइपाभोवतीच्या मोकळ्या जागेत काय पडलं ते कुणी पाहत नाही. एका खाणीवर १६५ मिलिमीटरच्या बोअरमध्ये ११० मिलिमीटरचा पाइप घातला होता. म्हणजे चहूबाजूंनी जेमतेम २७ मिलिमीटर जागा. त्यात बेंटोनाइटच्या गोळ्या पोत्यातून भसाभस ओतल्या. त्या मध्येच अडकल्या, वर सिमेंट बसलं, बाहेरून काम चकाचक. पावसाळ्यात प्रत्येक सरीनंतर काही तासांत पातळी वर चढायची आणि पाण्याची विद्युतवाहकता (विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारं माप) उतरायची. अहवालात काय लिहिलं? "पाँडच्या गळतीचा परिणाम आढळत नाही." आढळणार कसा, ती बोअर पावसाचं पाणी पीत होती! आम्ही पाइपाच्या बाहेर, जमिनीलगत मिठाचं पाणी ओतलं, तर आतल्या पाण्याची वाहकता त्याच दिवशी वाढली. अशी बोअर दुरुस्त होत नाही. ग्राउट (सिमेंटचा पातळ गारा) भरून बुजवायची आणि बाजूला नवी मारायची.

माझी सवय अशी: १६५च्या बोअरला ६३ मिलिमीटरचा पाइप. भोवतीच्या जागेत मीटरला साधारण १८ लिटर माल मावतो, म्हणजे एक मोठी बादली. बादल्या मोजत थोडंथोडं ओतायचं आणि दर खेपेला वजन बांधलेला टेप सोडून थर किती वर आला ते पाहायचं. थर हिशोबापेक्षा भरभर वर येतोय म्हणजे माल मध्ये अडकलाय. जाळीच्या पाइपावर (पाणी आत घेणारा खालचा तुकडा) ६० सेंटिमीटरपर्यंत वाळू, त्यावर किमान मीटरभर बेंटोनाइट, ते फुगल्यावरच वरून ग्राउट. फुगायला वेळ लागतो. तेवढा वेळ ज्याला जड जातो त्याने दुसरं काम शोधावं.

घाईत ग्राउट जाळीपर्यंत उतरलं तर पाण्याचा पीएच ११-१२ दाखवतो आणि ऑफिसात पळापळ सुरू होते. दोष पाँडचा नसतो, सिमेंटचा असतो.

"वरच्या बाजूची" बोअर, म्हणजे गळती पोचत नाही अशी तुलनेची बोअर, जमिनीचा उतार बघून ठरवू नका. शेजारच्या खड्ड्यात पंप चालू असेल तर जमिनीखालचं पाणी तिकडे ओढलं जातं, मग डोंगराकडची बोअरही गळतीच्या वाटेत येऊ शकते. २०१८ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्यावर अनेक खड्डे पाण्याने भरले. तिथे जुन्या नकाशावरचे बाण विसरायचे. आधी किमान तीन बोअरमधल्या पातळ्या घ्या, मग दिशा ठरवा. त्यासाठी प्रत्येक पाइपाच्या काठावर एक खूण करून तिची उंची लेव्हलने काढलेली हवी. "अंदाजे जमिनीपासून दोन फूट" हे माप नव्हे.

जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप वापरू नका, लोखंड आणि जस्त त्यातूनच पाण्यात उतरतं. यूपीव्हीसीचे (कडक प्लास्टिकचे) पाइप घ्या, सांधे आट्यांचे. चिकटवायला सॉल्व्हंट लावलंत तर त्यातली रसायनं नमुन्यात दिसतील.

बोअर झाली की लगेच नमुना नको. ग्राउट सुकू द्या, मग पाणी खालीवर घुसळून स्वच्छ येईपर्यंत उपसा. लोहखनिजाच्या पट्ट्यात गढूळ नमुना न गाळता बाटलीत भरून त्यात नायट्रिक आम्ल टाकलं, की लाल मातीतलं लोह विरघळतं आणि आकडा भलताच फुगतो. विरघळलेलं लोह मोजायचं असेल तर जागेवरच ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, आम्ल त्यानंतर. लॅबवाला "आमच्याकडे आणा, आम्ही गाळतो" म्हणेल, पण बाटली तिथे पोचेपर्यंत हवा लागून लोह तळाशी बसलेलं असतं. मग गाळून आलेला आकडा खोटाच, फक्त उलट्या बाजूने.