बेटावर गेलात की आधी भरती-ओहोटी विचारा

उष्ण कटिबंधातल्या बेटावर उतरलं की मी सगळ्यात आधी ओहोटीची वेळ विचारते. भरती आणि ओहोटीत साधारण सव्वासहा तासांचं अंतर असतं आणि वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे कालची वेळ आज चालत नाही. ओहोटीला खडकांतल्या डबक्यांत खेकडे, समुद्रकाकड्या, इवले मासे दिसतात. बघा, पण उचलू नका.

स्नॉर्केलिंग (मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर तरंगत खालचं बघणं) सकाळीच करा, वारा पडलेला असतो. मास्कच्या काचेला आतून थुंकी चोळून पाण्यात विसळा, धुकं धरत नाही. (किळस वाटते, पण उपाय नामी आहे.) प्रवाळावर पाय टेकू नका, तो जिवंत असतो आणि कापतोही. उन्हानं पाठ भाजते, म्हणून अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. पहिल्या खेपेला मी तो घातला नव्हता, नंतर चार रात्री पालथी झोपले. प्रवाहानं आत ओढलं तर किनाऱ्याकडे झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहा.

खायचं म्हणाल तर शहाळं पातळ मलईचं मागा, आणि निखाऱ्यावर अख्खा भाजलेला नीरफणस मिळाला तर सोडू नका. साल काळी पडते, आतला गर भाजलेल्या बटाट्यासारखा लागतो. मासे लहानच घ्या. बॅराकुडासारख्या मोठ्या शिकारी माशांत प्रवाळांवरच्या सूक्ष्म शैवालाचं विष साठलेलं असू शकतं, ते शिजवूनही जात नाही.

रात्री दिवे मालवून तारे बघत वाळूवर आडवे व्हा. शक्यतो अमावस्येच्या आसपास.