पुळणीच्या जमिनीत या चुका टाळा: वर वाळू, खाली पाणी

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात गोव्यातल्या मांद्रेच्या आमच्या जागेतल्या पपया एकामागून एक पिवळ्या पडल्या. आठवड्याभरात सात झाडं गेली. लावताना मी निर्धास्त होतो. वाळूची जमीन, पाणी थांबतच नाही, पपईला आणखी काय हवं? एक झाड उपटून पाहिलं तर मुळं काळी पडून कुजली होती. त्याच खड्ड्यात कुदळ घातली आणि गुडघाभर खोलीवर पाणी लागलं. कुंपणापलीकडून शेजारच्या काकी बघत होत्या. एवढंच म्हणाल्या, "आदीं सकयलें उदक पळय, पुता." आधी खालचं पाणी बघ.

पुढच्या मार्चमध्ये त्याच जागी दीड हात खणलं तरी ओलाव्याचा मागमूस नव्हता. जमीन तीच, पण तिचे स्वभाव दोन. केरी-हरमलपासून मोरजीपर्यंत, कळंगुट-कांदोळीत, वेळसांवपासून मोबोरपर्यंतच्या लांबलचक पट्ट्यात आणि खाली गालजीबागपर्यंत, वाळूच्या टेकड्यांमागच्या सपाट जमिनी बहुतेक अशाच. आपल्याकडे जमिनीची जुनी वाटणीच आहे: वरची मोरड, खाडीकाठची खारी खाजन आणि मधली रेताड खेर. खेर जमिनीत सरदाचं (पावसाळी) भात, त्यामागून अळसांदे (गोव्याची चवळी), कणंगां (रताळी), मिरची, वांगी आणि बांधाबांधावर माड. पिढ्यान्‌पिढ्या पिकत आलेली जमीन आहे ही. आपण फसतो ते तिला एकाच स्वभावाची समजून.

"वाळू आहे, निचरा होणारच"

सर्वात महाग पडणारी चूक हीच, म्हणून हिच्यावर जरा थांबतो. वाळूच्या कणांमधल्या पोकळ्या मोठ्या असतात, त्यामुळे पाणी झरझर खाली जातं हे खरं. रेताड जमीन तासाला ३० मिलिमीटरहून जास्त पाणी सहज पिते, चिकण माती १ ते ५ मिलिमीटर. पण खाली गेलेलं पाणी पुढे कुठे जातं? समुद्रसपाटीहून जेमतेम दोन-चार मीटर उंच असलेल्या सपाट पट्ट्यात त्याला उतार मिळत नाही. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ते पाणी खालून वर चढतं आणि पावसाच्या भरात काही आठवडे मुळांच्या पातळीत येऊन बसतं. मृदाशास्त्रात अशा जमिनीला मध्यम निचऱ्याची जमीन म्हणतात. वरून पाहाल तर पृष्ठभाग कोरडा आणि पायाला चिखल नाही. म्हणूनच फसगत होते.

ओळखायचं कसं? जागेतली किंवा शेजारची बाव (विहीर) जुलैअखेर आणि ऑगस्टमध्ये बघा. काठापासून पाणी किती खाली आहे, ते दोरीने मोजून लिहून ठेवा. बाव नसेल तर मीटरभर खोल खड्डा खणा, पाऊस दोन दिवस थांबला की त्यात पाणी कुठे स्थिरावतं ते पाहा. जागा हिवाळ्यात बघायला गेलात तरी खूण सापडते. खड्ड्याच्या कडेला करड्या वाळूत गंजासारखे तांबूस ठिपके दिसले, तर तिथवर दरवर्षी पाणी चढतं. पाणी भरलं की हवा संपते, वाळूतलं लोह विरघळतं, आणि पाणी ओसरून हवा परतली की ते गंजून बसतं. खड्ड्याच्या कडेवर लिहिलेला हा पावसाळ्याचा हिशेब आहे. जमीन घेताना कागदपत्रांइतकाच तोही वाचावा.

ठिपके ५०-६० सेंटिमीटरवर असतील तर पपई, केळी, मिरची सपाटीवर लावूच नका. अर्धा मीटर उंच वरंबे किंवा मातीचे उंचवटे करा. माड थोडे दिवस पाण्यात पाय टाकून उभा राहतो, पपई दोन दिवसही नाही. आणि जुना पाण्याचा मार्ग बुजवू नका. आजकाल शेजारच्या प्लॉटवर भराव पडतो, दगडी कुंपण येतं आणि आजोबांच्या वेळी व्हाळाकडे (ओढ्याकडे) जाणारं पाणी आपल्या भाटात (माडांच्या बागेत) तुंबतं. माडांना दोष देण्याआधी तो जुना चर शोधून उघडा करून घ्यावा.

घर बांधणाऱ्यांनीही हेच ध्यानात ठेवावं. शोषखड्ड्याचा (सांडपाणी जिरवण्याच्या खड्ड्याचा) तळ ऑगस्टच्या पाणीपातळीच्या वर हवा. वाळू पाणी भराभर पुढे ढकलते, गाळते कमी, आणि तेच पाणी शेजारच्या बावीत उतरतं.

तांबडी माती आणून पसरणं

वाळूत काही येत नाही असं वाटून लोक मोरडीवरची तांबडी माती ट्रकने आणतात आणि वर वीतभर थर देतात. मीही एका कोपऱ्यात दिला होता. पहिलं वर्ष छान गेलं. नंतर उन्हात तो थर फरशीसारखा घट्ट झाला आणि पावसात त्याच्यावर पाणी साचू लागलं.

कारण साधं आहे, पण मनाला पटायला वेळ लागतो. बारीक मातीखाली जाडी वाळू आली की पाणी सीमेवर अडतं. बारीक मातीचे सूक्ष्म छिद्रमार्ग पाण्याला धरून ठेवतात, आणि वरचा थर जवळजवळ पूर्ण भिजेपर्यंत ते खालच्या मोठ्या पोकळ्यांत उतरत नाही. शिवाय मुळं वरच्या थरातच फिरत राहतात. खड्डा खणून त्यात नुसती तांबडी माती भरली तर जमिनीत कुंडी ठेवल्यासारखंच होतं.

माती आणलीच असेल तर थर न देता मिसळा. खड्ड्यातल्या वाळूचे तीन भाग, मातीचा एक आणि कुजलेल्या शेणखताचा एक, आणि कडेला वाळू-माती कुदळीने खालीवर करून सीमा पुसून टाका. त्याहून चांगलं म्हणजे मातीचे पैसे शेणखतावर घाला.

आठवड्यातून एकदा भरपूर पाणी

आता दुसऱ्या स्वभावाकडे. डिसेंबर ते मे. वाळूच्या एक मीटर खोलीत पिकाला घेता येईल असं पाणी साधारण ६० ते ८० मिलिमीटर मावतं. वांगी-मिरचीची मुळं प्रामुख्याने वरच्या ३० सेंटिमीटरमध्ये, म्हणजे हाताशी २० मिलिमीटरच्या आसपास. त्यातलं निम्मं संपलं की झाड ताण घेऊ लागतं. मार्चमध्ये दिवसाला ४-५ मिलिमीटर पाणी सहज उडतं, म्हणजे दोन दिवसांतच पाण्याची वेळ येते.

रविवारी मोटर लावून वाफे तुडुंब भरणाऱ्याचं ५० मिलिमीटर पाणी पडलं, तर त्यातलं ३० मुळांखाली निघून जातं आणि जाताना खतही नेतं. बुधवारपर्यंत पानं मान टाकतात. दर दोन दिवसांनी चौरस मीटरला दहा लिटर, सकाळी लवकर. ठिबक असेल तर रोज थोडं. वाळूत थेंब आडवा पसरत नाही, सरळ खाली जातो, म्हणून माडाच्या आळ्यात एकच नळी न ठेवता चार ठिकाणी थेंब पाडा.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. उन्हाळ्यात पूर्ण वाळलेली रेताड माती, विशेषतः सुरूच्या झाडांखालची, पाणी घेतच नाही. पहिल्या वळवाचे थेंब तिच्यावर मोत्यांसारखे लोळतात. कुजलेल्या पाल्यातलं मेणासारखं द्रव्य कणांवर बसलेलं असतं. अशा जागी एकदम पाणी न ओतता झारीने हलकं शिंपडा, तासाभराने पुन्हा शिंपडा. एकदा ओल धरली की मग ती नेहमीसारखी पिते. वर आच्छादन ठेवलं तर ही वेळ येतच नाही, आणि एप्रिलच्या तापलेल्या वाळूने रोपांचे देठ भाजतात तेही वाचतं.

जूनमध्ये सगळं खत एकदम

चिकण मातीच्या कणांवर अन्नद्रव्यं चिकटून राहतात. वाळूच्या कणाला ती धरण्याची ताकद जवळजवळ नाहीच. युरिया दिला, त्याचं नायट्रेट झालं आणि जुलैचा पाऊस आला की ते बावीच्या पाण्यात. पालाशही वाळूत टिकत नाही, आणि माडाला त्याचीच भूक सर्वात मोठी.

मोठ्या माडाला वर्षाला ५०० ग्रॅम नत्र, ३२० ग्रॅम स्फुरद आणि १,२०० ग्रॅम पालाश अशी शिफारस आहे. पिशवीच्या भाषेत सुमारे १.१ किलो युरिया, २ किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि २ किलो म्युरेट ऑफ पोटॅश. सोबत २५ ते ५० किलो शेणखत. रेताड जमिनीत हे दोन हप्त्यांत नको, तीन-चार हप्त्यांत द्या. मे अखेरीस वळवाच्या ओलीवर थोडं, जून-जुलैच्या भरपावसात काही नाही, सप्टेंबरमध्ये मोठा हप्ता, आणि पाण्याची सोय असेल तर उरलेलं डिसेंबर-फेब्रुवारीत. बुंध्याला टेकवून देऊ नका. बुंध्यापासून दोन मीटरच्या आतल्या आळ्यात सगळीकडे पसरा.

मातीचा नमुना विभागीय कृषी कार्यालयात द्यायचा तर खत घालण्याआधी घ्या, भाटाच्या आठ-दहा जागांमधून वीतभर खोलीचा, आणि बावीजवळची, गोठ्याजवळची माती त्यात मिसळू नका. समुद्राला अगदी लागून शिंपल्यांचा चुरा असलेल्या वाळूचा सामू (पीएच) आत असलेल्या खेर जमिनीहून वेगळा येतो. शेजाऱ्याने चुना घातला म्हणून आपणही घालायचा, असं करू नये.

चुडतं (माडाच्या झावळ्या) आणि सोडणं (नारळाची सालं) जाळणं

हे बघितलं की मला खरंच वाईट वाटतं. संध्याकाळी किनाऱ्यावरच्या भाटाभाटांतून धूर निघतो. ज्या जमिनीला सेंद्रिय द्रव्याची सर्वात जास्त गरज, तिथेच आपण ते जाळतो. वाळूला पाणी आणि खत धरायला लावणारी स्वस्त वस्तू दुसरी नाही. राखेत थोडं पालाश उरतं, तेही पहिल्या पावसात वाहून जातं.

नारळाचं सोडण स्वतःच्या वजनाच्या तीन ते पाच पट पाणी धरतं. कवाथा (माडाचं रोप) लावताना खड्ड्याच्या तळाशी सोडणांचे दोन थर द्यावेत, खोलगट बाजू वर करून, म्हणजे वाट्यांसारखं पाणी साठतं. मोठ्या माडांच्या ओळींमध्ये चर खणूनही ती पुरता येतात. मात्र इथेही काकींचं वाक्य आठवा. तळ ऑगस्टच्या पाण्याच्या वरच हवा, नाहीतर मुळांखाली दोन महिने कुजकं डबकं राहतं. चुडतं तोडून आळ्यात आच्छादन म्हणून पसरा. पावसाआधी माडांमध्ये चवळी किंवा ताग पेरून फुलावर आला की गाडा. उष्णतेत तो भराभर कुजून जातो, म्हणून एक वर्ष करून सोडून चालत नाही.

बाव उपसून काढणं

किनाऱ्याच्या वाळूखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. खारं पाणी किंचित जड, एवढाच आधार. समुद्रपातळीहून गोडं पाणी एक मीटर वर असेल तर त्याच्या खाली साधारण चाळीस मीटर गोडं पाणी साठलेलं असतं. हिशेब उलटाही चालतो. उपसून पातळी एक फूट उतरवलीत तर कालांतराने खालून खारं पाणी चाळीस फूट वर सरकू शकतं. मोठा पंप लावून टँकर भरणाऱ्याच्या एकट्याच्या बावीचं हे नुकसान नसतं, वाड्यावरच्या सगळ्या बावींचं असतं.

स्वस्तातलं टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) घ्या. लिटरला ४५० मिलिग्रॅमपर्यंत क्षार असलेलं पाणी कोणत्याही पिकाला चालतं. २,००० च्या पुढे गेलं की भाजीला देऊ नका. दोन्हींच्या मध्ये असेल तर मिरची, चवळी जपून. खोल बोअर मारण्यापेक्षा उथळ बाव, छोटा पंप आणि उपशांमध्ये विश्रांती हेच इथे शहाणपणाचं. आणि माडाला मीठ घालण्याची जुनी रीत? माडाला ते सोसतं, पण त्याच आळ्याशेजारी वांगी आणि पपई असतील तर त्यांना सोसत नाही.

समोरची वाळूची टेकडी सपाट करून "व्ह्यू" मिळवण्याचा मोह हा याच चुकीचा भाऊ. ती टेकडी पावसाचं गोडं पाणी साठवते आणि खारे वारे अडवते. मर्यादवेल आणि रावणाची मिशी हे तिचं कुंपण. कायद्यानेही तिला हात लावता येत नाही.

एक लहानशी चूक

सलग वर्षानुवर्षं त्याच वाफ्यात वांगी-मिरची. वाळूत मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी मजेत फिरतात. झाड खुरटलं तर औषध फवारण्याआधी उपटून मुळं पाहा. गाठी असतील तर ती जागा एक-दोन हंगाम झेंडूला द्या, खड्ड्यात निंबोळी पेंड घाला.

आमच्या बावीच्या काठाला आता मी रंगाच्या रेघा मारून ठेवल्या आहेत, दर ऑगस्टला एक. पपया उंच वरंब्यांवर आहेत. त्यांच्या खालच्या सपाटीवर भात कापलं की अळसांदे पेरतो, आणि काकी कुंपणावरून आधी बावीत वाकून बघतात, मग पिकाकडे.