एनव्हीडीएची सवय लागलेल्या हातांना ऑर्का शिकवताना

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १०चे नेहमीचे मोफत अपडेट थांबले आणि टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची चिप) नसलेले असंख्य धडधाकट संगणक अडगळीत जायच्या वाटेवर आले. अशा संगणकावर लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकून बघू, असं विंडोजवर एनव्हीडीए (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीनरीडर) वापरणाऱ्या बऱ्याच दृष्टिहीनांच्या मनात येतं. जरूर बघा, पण विंडोज पुसू नका. एमएस-सीआयटीच्या वर्गात, बँकेत किंवा सरकारी कचेरीत बहुधा विंडोजच समोर येतं, आणि तिथली बोटांची सवय मोडून चालणार नाही.

इथे डेबियन १३ हा लिनक्सचा प्रकार, त्यावर माटे डेस्कटॉप आणि ऑर्का हा लिनक्सवरचा स्क्रीनरीडर गृहीत धरला आहे. डेबियनचा इन्स्टॉलर स्वतः बोलतो, हे पहिलं कारण. माटेचा मेनू जुन्या विंडोजच्या स्टार्ट मेनूच्या वळणाचा आहे, हे दुसरं. दिसायला देखणे डेस्कटॉप इतर पुष्कळ आहेत, पण त्या देखणेपणाचा आपल्याला उपयोग काय?

तयारी विंडोजमध्येच करायची. महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर घ्या. बिटलॉकर (ड्राइव्ह कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की फोनमध्ये जपून ठेवा, नाहीतर बूटच्या मांडणीत बदल झाल्यावर विंडोज नेमकी तीच मागतं. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा. तो चालू असला की विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि मग लिनक्समधून त्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही. शेवटी डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्हवर श्रिंक व्हॉल्यूम निवडून ५१२०० हा आकडा टाका. तो एमबीत असतो, म्हणजे ५० जीबी जागा मोकळी होते. शिकण्यापुरती ती भरपूर आहे.

डेबियनचा इन्स्टॉलर पेन ड्राइव्हवर चढवायचं काम रूफस या प्रोग्रामने होतं आणि एनव्हीडीए रूफस नीट वाचतो. खरी अडचण त्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करण्याची, कारण बायोस (विंडोजच्या आधी सुरू होणारा संगणकाचा मूळ प्रोग्राम) बोलत नाही. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट केलं तर निळ्या पडद्यावर ‘यूज अ डिव्हाइस’ हा पर्याय येतो. तिथे कंट्रोल+विंडोज+एंटरने नॅरेटर बोलला तर उत्तम. नाही बोलला तर व्हिडिओ कॉलवर दोन मिनिटं कुणाचे तरी डोळे उसने घ्या. यात कमीपणा काहीच नाही. अंदाजाने बायोसमध्ये बटणं दाबत बसणं मात्र महागात पडतं. सिक्युअर बूट बंद करायची गरज नाही, डेबियन त्याच्यासकट चालतं.

इन्स्टॉलरचा मेनू तयार झाला की बीप वाजते, जुन्या बायोसवर एकदा आणि यूईएफआयवर (बायोसच्या नव्या अवतारावर) दोनदा. एस दाबून एंटर करा. काही लॅपटॉपवर बीप ऐकूच येत नाही. तेव्हा कशालाही हात न लावता थांबा, साधारण अर्ध्या मिनिटाने बोलणारं इन्स्टॉलेशन आपोआप सुरू होतं. साउंड कार्ड एकापेक्षा जास्त असतील तर ज्या कार्डातून आवाज येईल तिथे एंटर करायचं. पुढचे सगळे प्रश्न क्रमांकांसह वाचले जातात, तुम्ही आकडा लिहून एंटर करायचं.

तीन ठिकाणी मात्र घाई नको. रूटचा (मुख्य प्रशासकाचा) पासवर्ड विचारला की तो रिकामा सोडा, म्हणजे तुमच्याच खात्याला सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने काम करणारी आज्ञा) वापरायची परवानगी मिळते. डिस्कच्या प्रश्नात ‘लार्जेस्ट कंटिन्युअस फ्री स्पेस’ असलेला पर्याय पूर्ण ऐकून मगच आकडा टाका. जवळच ‘एंटायर डिस्क’ असतो आणि तो विंडोज पुसून टाकतो. डेस्कटॉप निवडताना माटेचा क्रमांक द्या. दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिम शोधायच्या का, असा प्रश्न आला तर ‘हो’ म्हणा.

इथून पुढे अडचण असते ती सवयीची. ऑर्काची मुख्य कळ इन्सर्टच आहे. नमपॅडवर ७, ८, ९ ने ओळ, ४, ५, ६ ने शब्द आणि १, २, ३ ने अक्षर वाचायचं, तेही एनव्हीडीएसारखंच. इतकं साम्य बघून माणूस गाफील राहतो आणि नेमका इथेच फसतो. वेब पानावर इन्सर्ट+स्पेस दाबून फोकस मोड (चौकटीत लिहिण्यासाठीचा) आणायची सवय असते, ऑर्कात मात्र त्याने सेटिंगची खिडकी उघडते. मोड बदलायला इन्सर्ट+ए. इन्सर्ट+टी ने खिडकीचं शीर्षक ऐकायला जावं तर वेळ ऐकू येते, शीर्षकासाठी इन्सर्टसोबत नमपॅडचं एंटर लागतं. वेब पानावर हेडिंगला एच, लिंकला के, बटणाला बी, टेबलला टी हे जुनंच चालतं, पण लँडमार्कला (पानाच्या मुख्य भागांना) डी नाही, एम. सगळ्या हेडिंगची यादी हवी असेल तर ऑल्ट+शिफ्ट+एच.

हे पाठ करत बसू नका. इन्सर्ट+एच दाबलं की शिकाऊ मोड सुरू होतो. त्यात कुठलीही कळ दाबा, तिचं काम ऐकू येतं, प्रत्यक्षात काही घडत नाही. एस्केपने बाहेर. पहिला आठवडा रोज दहा मिनिटं एवढंच करा. माटेच्या स्वतःच्या कळा थोड्याच आहेत: ऑल्ट+एफ१ ने मेनू, ऑल्ट+एफ२ ने आज्ञा लिहायची चौकट, कंट्रोल+ऑल्ट+टॅबने पॅनल, कंट्रोल+ऑल्ट+डी ने डेस्कटॉप. लॅपटॉपवर नमपॅड नसेल तर ऑर्काच्या सेटिंगमध्ये लॅपटॉप मांडणी निवडा. मग कॅप्स लॉक ही मुख्य कळ होते, आणि तिच्यासोबत यू, आय, ओ ने ओळी वाचता येतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं: संगणक गप्प झाला तर काय? नवशिके इथेच हात टेकतात आणि पॉवर बटण दाबून धरतात. शांततेची कारणं वेगवेगळी असतात, ती क्रमाने तपासायची.

आधी इन्सर्ट+एस. ही बोलणं बंद-चालू करणारी कळ आहे आणि चुकून फार वेळा दाबली जाते. मग ऑल्ट+एफ१. मेनू बोलला तर ऑर्का ठणठणीत आहे, समोरचा प्रोग्रामच मुका आहे. ऑर्का पडदा वाचत नाही, तो प्रोग्रामला विचारतो आणि मिळालेलं उत्तर बोलतो. प्रोग्रामने माहितीच पुरवली नाही तर त्याचाही इलाज चालत नाही. आणि प्रोग्राम अडकला तर ऑर्काही त्याच्या उत्तराची वाट बघत बसतो, म्हणून मोठं वेब पान उघडताना पाच-दहा सेकंद दम धरा.

मेनूही बोलला नाही तर ऑल्ट+एफ२ दाबून ऑर्का, मग जागा सोडून दोन डॅश आणि त्यांना जोडून रिप्लेस, असं इंग्रजीत लिहून एंटर करा. ऑर्का नव्याने सुरू होतो आणि बहुतेक वेळा काम इथेच भागतं. तरीही शांतता असेल तर त्याच चौकटीत एसपीडी, डॅश, से, जागा आणि पुढे हॅलो असं लिहा. ‘हॅलो’ ऐकू आलं तर आवाजाची यंत्रणा शाबूत आहे, दोष ऑर्कात. तेही नाही आलं तर दोष स्पीच डिस्पॅचरमध्ये (मजकूर आवाजाकडे पोचवणाऱ्या प्रोग्राममध्ये) किंवा थेट ध्वनीत. अशा वेळी एचडीएमआय केबल आठवा. डोळस मदतनीसासाठी मॉनिटर जोडला की कित्येकदा आवाज तिकडे जातो आणि मॉनिटरला स्पीकरच नसतो. केबल काढली की संगणक बोलू लागतो.

फायरफॉक्स आणि थंडरबर्ड ऑर्कासोबत चांगले चालतात. लिबरऑफिस मुकं वाटलं तर त्याचं जीटीके३ नावाचं पॅकेज बसवलेलं आहे का ते बघा. टर्मिनलला (आज्ञा लिहून काम करायच्या खिडकीला) घाबरू नका, तिथे सगळं अक्षरांतच असतं, म्हणजे आपल्या सोयीचंच. सुडोचा पासवर्ड लिहिताना एकही अक्षर ऐकू येत नाही. कीबोर्ड बिघडलेला नाही, लिहीत राहा आणि एंटर करा. एखाद्या आज्ञेचं उत्तर लांबलचक येणार असेल तर तिच्या शेवटी ‘पेक्षा मोठे’चं चिन्ह आणि फाइलचं नाव लिहा. उत्तर त्या फाइलमध्ये जातं आणि प्लुमा या संपादकात ओळीओळीने वाचता येतं.

मराठी वाचायला ईस्पीक एनजी या बोलणाऱ्या प्रोग्रामचा मराठी आवाज आहे. यंत्राचा, रुक्ष, पण भरभर वाचणारा. ऑर्कात इंग्रजीसाठी एक आणि मराठीसाठी एक अशी दोन प्रोफाइल (सेटिंगचे संच) बनवा. प्रोफाइल बदलायच्या आज्ञेला मुळात कळ दिलेली नसते, ती सेटिंगमधल्या की बाइंडिंग्जच्या पानावर आपण द्यायची. मराठी मजकुरात अधूनमधून इंग्रजी शब्द येतात तिथे हा आवाज अडखळतो, आणि तिथे प्रोफाइल बदलण्यापेक्षा नमपॅडवर ५ लागोपाठ दोनदा दाबून शब्दाचं अक्षर न् अक्षर ऐकणं लवकर होतं.