ताटामागचा भाव कसा टाळला

ताईच्या लग्नात खरा पैसा जेवणावळीत जाणार होता. केटरर ताटामागे भाव लावतो, वर किमान ताटांची हमी मागतो. माणसं कमी आली तरी पैसे तेवढेच. म्हणून आचारी मजुरीवर ठरवला आणि यादी त्याच्याकडूनच घेतली. किराणा नाशिकच्या रविवार कारंजावरून, भाजी पहाटे पंचवटीच्या मार्केट यार्डातून. आचारी तेल-काजू सढळ हाताने लिहितात, तेव्हा "उरलं तर परत घ्याल ना?" हे दुकानदाराशी आधीच बोललो. न फोडलेले तेलाचे डबे परत गेले. वाढायला चुलतभाऊ होतेच. (मठ्ठ्याला मात्र वेगळा माणूस ठेवा, पोरं जिलेबीमागे पळतात.) पैठणीला येवल्याला गेलो ते हौसेने, बचतीसाठी नव्हे. पत्रिका छापल्या फक्त देवाला आणि मानाच्या घरांना, बाकी व्हॉट्सअ‍ॅप.