काकूंच्या चकल्या दुसऱ्याच्या ऑर्डरमध्ये? क्लास लिहिताना या चुका टाळा

समजा, वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात एक काकू दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेतात आणि भाच्याने त्यांना पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहून दिली आहे. ‘ऑर्डर’ नावाचा क्लास, म्हणजे प्रत्येक ऑर्डर ज्यातून निघते तो साचा; त्यात ‘पदार्थ’ ही रिकामी लिस्ट (यादी). पहिल्या गिऱ्हाइकाच्या चकल्या नीट नोंदल्या जातात. दुसऱ्याची ऑर्डर उघडावी, तर अनारशांच्या आधी त्याच चकल्या हजर!

लिस्ट थेट क्लासमध्ये लिहिली की ती सगळ्यांत मिळून एकच असते. प्रत्येक ऑब्जेक्ट, म्हणजे साच्यातून निघालेली एकेक ऑर्डर, तिच्यातच ॲपेंड करतो, भर घालतो. फसायला होतं ते शेजारच्या ‘एकूण = 0’ या ओळीमुळे. ती बिनबोभाट चालते, कारण ‘सेल्फ.एकूण += 200’ (सेल्फ म्हणजे तो ऑब्जेक्ट स्वतः) केल्यावर क्लासमधला 0 तसाच राहतो आणि नवी बेरीज त्या ऑब्जेक्टवर जाऊन बसते. मग लिस्टवर संशय कोण घेणार?

खात्री करायची तर ऑब्जेक्टवर स्वतःचं काय आहे ते सांगणाऱ्या ‘वार्स’ फंक्शनला ऑब्जेक्ट देऊन काय येतं ते प्रिंट करा. त्यात ‘पदार्थ’ नसेल, तर ती लिस्ट क्लासची. नवी लिस्ट ‘इनिट’मध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये, सेल्फवर बनवा. तिथेही पॅरामीटरला डिफॉल्ट म्हणून रिकामी लिस्ट दिलीत, तर दुखणं परत येतं: डिफॉल्ट फंक्शन तयार होताना एकदाच बनतं. डिफॉल्ट ‘नन’ (काहीच नाही) ठेवा आणि लिस्ट आत बनवा. पायथन 3.7 मध्ये आलेला डेटाक्लास (इनिट आपणहून लिहून देणारी सोय) डिफॉल्ट म्हणून अशी लिस्ट दिली की सरळ व्हॅल्यूएरर देतो. असा खडूसपणा मला तरी हवाच वाटतो.

ऱ्हस्व-दीर्घही सांभाळा. ‘सेल्फ.एकुण = 500’ लिहिलंत तर पायथन तक्रार करत नाही, निमूट नवा ॲट्रिब्यूट (ऑब्जेक्टवर ठेवलेलं नाव) बनवतो आणि बिलावर जुनाच आकडा छापला जातो. क्लासला ‘स्लॉट्स’, म्हणजे चालणाऱ्या नावांची यादी, दिले की असा आगंतुक ॲट्रिब्यूटएरर खाऊन दारातच अडतो. एका क्लासवरून बनवलेल्या चाइल्ड क्लासने स्वतःचं इनिट लिहून ‘सुपर’मार्फत मूळ क्लासच्या इनिटला हाक मारली नाही, तरी तिथे बनायची नावं वापरताना हाच एरर येतो.

जावास्क्रिप्टची खोडी वेगळी. क्लासची मेथड (क्लासमधलं फंक्शन) बटणाच्या क्लिकवर काय चालवायचं ते ठरवणाऱ्या ‘ॲडइव्हेंटलिसनर’ला नुसती दिली, तर क्लिकच्या वेळी ‘धिस’ (इथला सेल्फ) म्हणजे तुमची ऑर्डर नसते, ते बटण असतं. मग ‘धिस.पदार्थ’ अनडिफाइन्ड आणि पुश केलं की टाइपएरर. मेथड ॲरो फंक्शनमध्ये गुंडाळून द्या, नाहीतर ‘बाइंड’ करा, म्हणजे धिस ऑर्डरलाच बांधून टाका.