कुत्र्याच्या शेपटीला फटाके बांधणारं पोर सापडलं, तर

आधी जनावर बघा. भाजलेल्या जागी साधं गार पाणी किमान दहा मिनिटं हळू धरा. हळद, टूथपेस्ट, बर्फ नको. दुखावलेलं कुत्रं ओळखीच्यालाही चावतं, म्हणून समोरून वाकू नका. पशुवैद्याकडून जखमेची लेखी नोंद घ्या.

पोराला बदडू नका, व्हिडिओही सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. चौकशीतल्या अल्पवयीनाची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ने बंदी आहे.

प्राणी मेला किंवा अपंग झाला, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५: पाच वर्षांपर्यंत कैद. १९६०च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये, म्हणजे वडापावचे पैसे! सात वर्षांखालच्यावर गुन्हा होत नाही. अठराच्या आतल्यासाठी ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकाऱ्यालाच भेटा. बाल न्याय मंडळ समुपदेशन, समाजसेवा किंवा पालकांना दंड असा आदेश देऊ शकतं.

‘का केलंस?’ विचारलं की ‘गंमत’ एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा विचारा: माळ कोणी आणली? शेपूट कोणी धरली? कुत्रं ओरडलं तेव्हा तू काय केलंस? टोळक्याच्या नादाने केलेलं पोर इथे लाजून खाली बघतं. एकट्याने, लपूनछपून, पुन्हापुन्हा करणाऱ्याला मात्र बालमानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायलाच हवं. घरी त्यालाच मार बसतोय असं वाटलं तर मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनला फोन करा.

शिक्षा म्हणून त्याला प्राण्यांच्या निवाऱ्यात एकटं सोडणं ही नेहमीची चूक. पाठवलंच, तर पहिले काही आठवडे तिथे फक्त भांडी घासणं, पाणी भरणं. प्राण्याला हात लावणं नंतर, तेही कोणीतरी शेजारी उभं असताना.