कुत्र्याचं घर: या चुका टाळा

मराठीत गाईला गोठा आहे, घोड्याला तबेला, कोंबडीला खुराडं. कुत्र्याच्या घराला मात्र रोजच्या बोलण्यात खास शब्द नाही. मग आपण 'केनेल' म्हणतो आणि पहिली चूक तिथेच होते. केनेल म्हटलं की कुणाच्या डोळ्यांसमोर लाकडी खोपटं येतं, कुणाच्या जाळीचा पिंजरा, तर कुणाला वाटतं परगावी जाताना कुत्रा ठेवायची जागा. म्हणून सुताराला शब्द नको, वर्णन सांगा: उतरतं छप्पर, तीन बाजू बंद, तळ जमिनीपासून चार बोटं वर. पिंजऱ्यावर ताडपत्री टाकली म्हणजे घर झालं, असं नाही.

दुसरी चूक मायेपोटी होते. आमचं पहिलं खोपटं इतकं ऐसपैस की मीही आत मावलो असतो. कुत्रा मात्र थंडीतही त्याच्या भिंतीला टेकून बाहेरच झोपायचा. आत शेगडी नसते, ऊब असते ती त्याच्याच अंगाची, आणि मोठ्या जागेत ती टिकत नाही. उभं राहता यावं, वळता यावं, पाय ताणून पडता यावं, एवढं पुरे. दार असं की मान जराशी वाकवून शिरावं लागेल. पिल्लू असेल तर माप मोठेपणीचं धरा आणि तोवर आत आडवी फळी लावून जागा कमी करा.

पत्र्याचं छप्पर स्वस्त पडतं, पण भर दुपारी एकदा आत हात घालून बघा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून अंग गार करतो आणि कोंदट पेटीत तेही जमत नाही. लाकूड वापरा, वळचणीखाली वारा खेळेल अशा फटी ठेवा, घर सावलीत हलवा. तरीही कडक उन्हात त्याला आत कोंडू नका.

अंथरूण म्हणून जुनी गोधडी घालू नका. एकदा भिजली की दिवसेंदिवस वाळत नाही. थंडीत कोरडा पेंढा बरा, तोही ओलसर लागला की बदलायचा. गोचिडं फळ्यांच्या सांध्यात लपतात, म्हणून छप्पर उचलता येईल असंच करून घ्या.

इतकं करूनही आत जात नसेल तर ढकलू नका. ताज्या रंगाचा वास येतोय का, वारा थेट दारात शिरतोय का, ते बघा. आमच्याकडे फळी लावून जागा कमी केली, तरी स्वारी बाहेरच. दार कुंपणाच्या भिंतीकडे होतं. खोपटं फिरवून ते फाटकाकडे केलं, तर संध्याकाळी गडी आत, नाक तेवढं उंबऱ्याबाहेर.